कडक भाकरीची कॉपी, बारा माहेरं आणि तिघींवर पडणारं काम

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे म्हणून उत्तरपण लांबच होणार, चहा घेऊनच बसा. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगते. निलंगा तालुक्यातला १२ जणींचा बचत गट. पापड, शेवया, कारळाची चटणी करतेत, पण आजूबाजूचे सगळे गट तेच करतेत म्हणून माल उठत नाही. गटातल्या एकीनं मोबाईलवर सोलापूरच्या एका गटाची कडक भाकरी बघितली आणि आपण हेच करू म्हणाली, तर दोघी म्हणाल्या ही तर चोरी झाली, आपण आपलं स्वतःचं काहीतरी नवीन काढू. त्याला आता तीन महिने झाले, नवीन काहीच निघालं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि वाढदिवस, आणि कामाचं म्हणाल तर तिघी राबतेत, बाकीच्या सहीपुरत्या येतेत.

मी लातूर-धाराशिव पट्ट्यात गटांसोबतच काम करत आलेय, आणि तुम्ही तीन तक्रारी म्हणून लिहिलंय ते माझ्या मते एकच दुखणं आहे. बारा जणी एका खोलीत बसून नवीन काही सुचत नसतंय, नवीन गोष्ट बहुतेक वेळा बाहेरून येते, ती आणायला लांबच्या ओळखी लागतात, आणि आणल्यावर आपल्या चुलीवर बसवायला जवळचे हात लागतात. तुमच्याकडं दोन्ही आहे, फक्त वापरात नाही.

आधी चोरीचं बघू, कारण तिथंच तुमचं गाडं अडलंय.

कडक भाकरी सोलापूरची म्हणून आपण ओळखतो, पण तुमच्यापासून थोडं खाली कलबुर्गी-विजापूरकडं गेलात तर तिकडं घरोघरी खडक रोट्टी असते, पातळ, पापडासारखी, डब्यात भरून ठेवलेली. आता सोलापूरनं त्यांची घेतली का त्यांनी सोलापूरची, हे कोण सांगणार? ज्वारीच्या पट्ट्यात ज्वारी टिकवायची पद्धत आहे ती, पट्टाभर पसरली. पदार्थ करायची रीत अशी कुणाच्या मालकीची नसते, ती तुम्ही बिनधास्त घ्या. ज्याला हात लावायचा नाही ते वेगळं आहे: त्या गटाचं नाव, त्यांचं लेबल, पाकिटाचं डिझाईन, आणि त्यांच्या भाकरीचा फोटो. हे फोटोचं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या बायका दुसऱ्याच्या स्टेटसवरनं फोटो उचलून खाली आपला नंबर टाकतेत आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. तेवढं सोडा. आणि गावाचं नाव वापरताना जरा बघून, उदाहरणार्थ वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालं, तर दुसरीकडची हळद वसमतची म्हणून विकता येत नाही. त्याच वर्षी तुमच्या तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही जीआय मिळालंय, याच्याकडं मी पुढं येते, लक्षात ठेवा.

आता त्या दोघी ‘स्वतःचं काहीतरी’ म्हणतेत त्यांना वेरूळला घेऊन जा. खरंच सांगतेय, सहल नेताच ना दरवर्षी. १६ नंबरचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. जगात असं दुसरं नाही म्हणून आपण छाती फुगवतो ते बरोबरच आहे, पण त्याची कुळकथा बघा. आधी कांचीपुरमला पल्लवांनी कैलासनाथाचं मंदिर बांधलं. चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा यानं कांची जिंकली, देऊळ मात्र लुटलं नाही, उलट संपत्ती देवाला परत केली असा त्याचा शिलालेख तिथंच आहे. मग त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, त्या विजयाची आठवण म्हणून पट्टदकलला विरूपाक्षाचं मंदिर बांधलं, ते कांचीच्या धर्तीवर. पुढं राष्ट्रकूटांनी चालुक्यांचं राज्य घेतलं आणि वेरूळला कैलास खोदलं ते पट्टदकलच्या धर्तीवर. म्हणजे नकलेची नक्कल! पण कांची आणि पट्टदकलला दगडावर दगड रचून खालून वर बांधत गेले, आणि आपल्याकडं बेसाल्टचा अख्खा डोंगर होता तर कारागिरांनी वरून खाली खोदत आणलं. आराखडा उसना, पण दगड आपला आणि त्या दगडाला साजेशी रीतही आपलीच. याला कुणी चोरी म्हणत नाही.

आणि तिथून तासाभराच्या आत बीबी का मकबरा आहे, तोपण बघून या. ताजमहालसारखा करायचा म्हणून केला. ज्यानं ताजचा आराखडा केला त्या उस्ताद अहमद लाहोरीचाच मुलगा अताउल्ला इथं वास्तुविशारद होता, म्हणजे माणूसही घरातलाच मिळाला. पण ताजला कोटींत पैसा गेला आणि इथं सात लाखांच्या आत भागवलं, मग संगमरवर खाली थोडा आणि घुमटाला, मधलं बरंचसं गिलाव्यावर. लोक अजून ‘गरिबाचा ताज’ म्हणतेत. मला स्वतःला संध्याकाळच्या उन्हात मकबरा फार आवडतो, त्याला नावं ठेवायला मी नाही सांगत. पण रूप तेच धरायचं आणि आपल्याकडं काय आहे ते बघायचंच नाही असं केलं की तुलना आयुष्यभर मानगुटीवर बसते. तुम्ही सोलापूरसारखंच पाकीट, तेवढीच भाकरी, तोच भाव, सोबत तीच शेंगाची चटणी असं केलंत तर लातूरच्या दुकानदाराला सोलापूरचाच माल येतोय की, तो तुमचा कामून घेईल?

मग काय घ्यायचं आणि काय बदलायचं, ते कळतं कसं? जाऊन बघितल्यावर. आणि इथं माझी जुनी कुरकुर आहे, अभ्यास दौऱ्याची. गाडी ठरते, नाश्ता होतो, त्या गटाच्या अध्यक्षा भाषण करतेत, आपल्या बायका विचारतेत सबसिडी किती मिळाली, मशीन कुठून घेतली, मग बोर्डासमोर ग्रुप फोटो आणि परत. घरी आल्यावर हातात काय, तर मशीनवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड. दोघीच जा, पण कामाच्या वेळी जा आणि गप उभ्या राहून बघा. पीठ कधी दळून आणलंय, आजचं का चार दिवसांचं, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की थापताना कडेला चिरतं आणि पातळ भाकरीला ते चालतच नाही. पाणी किती गरम घेतात. थापून तव्यावर टाकल्यावर कडक करायचं काम कुठं होतं, त्याच तव्यावर फडक्यानं दाबून, का बाजूला मंद आचेवर दुसरी बाई ते करते. मी बघितलेल्या एका ठिकाणी थापणारी आणि कडक करणारी वेगळी होती आणि खरं कौशल्य दुसरीकडं होतं, ती आवाजावरून ओळखायची की आतला ओलावा गेला का नाही, नखानं टिचकी मारायची आणि वेगळी ठेवायची. हे व्हिडिओत दिसत नाही ओ, व्हिडिओत फक्त थापणं दिसतं कारण तेच बघायला चांगलं वाटतं.

आणि सगळ्यात आधी बघायचं ते म्हणजे वाया गेलेल्या मालाचं पोतं. कोपऱ्यात असतंच. त्यात तुकडे जास्त असतील तर पॅकिंगचं दुखणं, सादळलेल्या असतील तर साठवणीचं, करपलेल्या असतील तर आचेचं. पावसाळ्यात काय करता हे विचारा, जून ते सप्टेंबर भाकरी सादळते आणि तेव्हा तो गट काय विकतो हे कळलं की त्यांचं अर्धं गणित कळलं. हे विचारलं की लोक सांगतेत, मनापासून सांगतेत. यशाबद्दल विचारलं की भाषण मिळतं, अडचणीबद्दल विचारलं की माहिती मिळते.

शेतीतलंच बघा. सोयाबीनला आपण आता रुंद सरी वरंबा करतो, बीबीएफ बीबीएफ म्हणतो, ते काळ्या जमिनीसाठी म्हणून हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात विकसित झालं, तेव्हा बैलांच्या अवजारावर. आपल्याकडं परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी ते ट्रॅक्टरमागं बसवलं. घेतलं काय, तर पाणी जास्त झालं की सरीतून निघून जावं आणि कमी पडलं की वरंब्यात ओल टिकावी हे. अवजार बदलत गेलं, कारण तेच राहिलं. तुम्हीपण भाकरीचं कारण घ्या: न शिळी होणारी, प्रवासात चालणारी, बिनतेलाची ज्वारी. बाकी सोबत काय द्यायचं, आकार केवढा, नाव काय, हे तुमचं. पानचिंचोलीची चिंच शेजारी असताना शेंगाच्या चटणीच्या मागं कशाला लागायचं? चिंचेची आंबटगोड चटणी करा. फक्त पाकिटावर पानचिंचोलीचं नाव टाकायचं असेल तर चिंच खरंच त्या भागातली पाहिजे आणि जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी पाहिजे, ती प्रक्रिया तालुका कृषी कार्यालयात विचारा. नुसती चिंचेची चटणी म्हणून विकायला कुणाची आडकाठी नाही, एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकायची सरकारी, नोंदणी मात्र दोन्हीकडं लागतेच.

आता ओळखीचं. तुमच्या गटात नवीन का निघत नाही? बारा जणी, एक गल्ली, तीन भावक्या. एकच पाणी, एकच किराणा, एकच बाजार, जे एकीला माहीत ते सगळ्यांना माहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की नोकरीची खबर ज्याच्याकडून लागली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. नेहमी भेटणारा असं म्हणणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारा २७.८ टक्के. ही १९७३ ची गोष्ट. जवळचे लोक जीव लावतेत, अडीअडचणीला धावतेत, पण नवीन खबर त्यांच्याकडं नसते, कारण ते आपल्याच गल्लीत बसलेले असतेत.

तुम्ही म्हणाल आमची कुठं एवढी ओळख. अहो, बायकांच्या गटाएवढी लांबची ओळख गावात कुणाचीच नसते! पुरुष जन्मला तिथंच राहतो, तुम्ही बारा जणी बारा गावांहून आलात. तुमच्यातलीच एक कर्नाटकातल्या भालकीकडची आहे असं तुम्हीच लिहिलंय, तिच्या माहेरी खडक रोट्टी होत असणार आणि सहा वर्षं ती गटात आहे, पण कुणी तिला विचारलं नाही आणि मोबाईलवर सोलापूरचा व्हिडिओ आला तेव्हा सगळ्यांना साक्षात्कार झाला. हे मी जवळपास प्रत्येक गटात बघते. सून माहेरचं काही करायला गेली की ‘आमच्यात असं करत नसतेत’ म्हणून पहिल्या वर्षीच तिचं तोंड बंद होतं, मग पुढं दहा वर्षांनी गटाची ताई विचारते नवीन काही सुचवा, तर ती काय सुचवणार?

एका बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीचं माहेर, लेकी दिलेली गावं, बहिणी कुठं आहेत, नवरा-दीर कामाला कुठं जातो, हे वहीत लिहून काढा. तुमच्याकडून कुणी ऊसतोडीला जात असतील तर तेपण लिहा, सहा-सहा महिने कोल्हापूर-सांगली-बेळगावकडं राहून आलेली माणसं काय काय बघून येतेत आणि आपण त्यांना फक्त उचल किती मिळाली एवढंच विचारतो. मग प्रत्येकीला एकच काम द्या, पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा तिथल्या बाजारात पाकिटातलं काय विकतंय आणि कितीला, ते बघून या, जमलं तर एक पाकीट घेऊन या. दिवाळी-पंचमीला नाहीतरी जाताच.

पण खबर आली म्हणजे झालं असं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं आलं तेव्हा रायन आणि ग्रॉस या दोघांनी २५९ शेतकऱ्यांना भेटून विचारलं, तो अभ्यास १९४३ मध्ये छापून आला. दोघं सोडून सगळ्यांनी बियाणं घेतलं होतं, पण त्याला दहा-बारा वर्षं लागली. पहिल्यांदा ऐकलं ते सगळ्यात जास्त जणांनी कंपनीच्या विक्रेत्याकडून, पण विश्वास बसला तो सगळ्यात जास्त शेजाऱ्यामुळं. आपल्याकडं काय वेगळं आहे? म्हणून भालकीच्या ताईंनी आणलेली गोष्ट लगेच ठरावाला टाकू नका, तिच्याच चुलीवर दोघी-तिघींनी चार दिवस करून बघा, बाकीच्यांना येता-जाता दिसू द्या, लेकरं खातेत का बघा. मग बैठकीत विषय घ्या, निम्मा वाद आधीच मिटलेला असतो.

व्हॉट्सॲपबद्दल फार लिहीत नाही. गुड मॉर्निंग बंद करायला जाऊ नका, भांडणं होतेत उगाच. कामाचा दुसरा ग्रुप काढा, त्यात फक्त तीन गोष्टी, ऑर्डर, आजचा माल, आणि बिघडलेल्या मालाचा फोटो. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुणी टाकत नाही, कारण बोलणी बसतेत. एमी एडमंडसन या संशोधिकेनं दवाखान्यातल्या टीम बघितल्या तर चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या, आणि त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथले लोक चुका सांगायला भीत नव्हते. तुमच्या ग्रुपवर महिनाभर एकही करपलेली भाकरी आली नाही तर समजायचं कुणीतरी ती गपचूप म्हशीला घालतंय.

आता तिघींवर पडणारं काम. याला आळस म्हणून सोडून देऊ नका. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच माणसाची गंमत सांगते, तो शेती अवजारांचा इंजिनिअर होता, बैल आणि माणसं किती ओढतात याची मोजणी करायचा. त्यानं माणसांना दोर ओढायला लावला. एकटा असला की पूर्ण जोर, आणि आठ जण लावले की प्रत्येकाचा वाटा जवळपास निम्म्यावर. हे १९१३ मध्ये छापलं. लोक म्हणाले दोर एकाच वेळी नीट ओढला जात नसेल म्हणून. तर १९७४ मध्ये इंगहॅम आणि त्यांच्या सोबत्यांनी डोळ्याला पट्टी बांधून परत केलं, ओढणारा खरं तर एकटाच, मागचे नुसते ओढायचं सोंग करत होते, तरी त्याचा जोर कमी झाला. मागं लोक आहेत एवढं वाटलं तरी पुरतं.

पण मग आपल्याकडं इर्जिक कशी चालायची? पाच-पन्नास माणसं एकाच्या रानात, पैसे नाहीत, फक्त जेवण, आणि काम दिवसात संपायचं. कारण तिथं प्रत्येकाची पात वेगळी असायची, मागं कोण राहिलं ते सगळ्या रानाला दिसायचं. शिवाय उद्या आपल्या रानात हेच लोक यायचे आहेत हे डोक्यात असायचं. तुमच्या गटात काय होतं? सगळ्याजणी सगळं करतेत, आणि नफा बारा जणींत सारखा. तिघींनी केलं काय आणि बाकीच्या नऊजणींनी नाही केलं काय, पैसे तेवढेच. मी असते तर मीपण सहीपुरतीच आले असते, खोटं कशाला बोलू.

तर मजुरी वेगळी आणि नफा वेगळा करा. जेवढ्या भाकरी थापल्या तेवढ्या नगावर पैसे, कडक करणारीला वेगळा दर कारण ते काम जास्त कसबाचं, पॅकिंगला पाकिटामागं, आणि बाजारात माल घेऊन जाणारीला विक्रीवर. हे सगळं काढून जे उरेल ते सारखं वाटा. सुरुवातीला रुसवेफुगवे होतील, एक-दोघी गट सोडायचीपण भाषा करतील. त्यातली एखादी सोडून गेली तर जाऊ द्या, पण ज्यांना थापायला जमत नाही, मनगट दुखतं, त्यांना आळशी ठरवू नका. हिशोब लिहिणं, ऑर्डर घेणं, दुकानदाराच्या मागं लागून उधारी वसूल करणं हेपण काम आहे आणि त्यालापण दर पाहिजे. उधारी वसूल करणारी खमकी बाई गटात असेल तर तिला तर जास्तच द्या, कारण भाकरी दहाजणी थापतील पण दुकानदाराकडून पैसे काढणारी एखादीच.

बैठकीतलं शेवटचं एक. एका घरातली सासू-सून गटात आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि अध्यक्षा त्याच घरच्या जाऊबाई. मग ती सून काय बोलणार बैठकीत? येल विद्यापीठात १९५८ मध्ये बघितलं होतं की चौघांना एकत्र बसवून कल्पना काढल्या त्यापेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या एकत्र केल्या तर जवळपास दुप्पट भरल्या. म्हणून विषय दोन दिवस आधी सांगा, ज्यांना लिहिता येतं त्यांनी चिठ्ठी द्यावी, ज्यांना नाही त्यांचं शाळेतल्या एखाद्या पोरीनं घरी जाऊन लिहून आणावं, नाव न घालता. बैठकीत सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच चर्चा, आणि अध्यक्षा सगळ्यात शेवटी बोलणार. अध्यक्षांना हे आधी खासगीत जाऊन सांगा, चारचौघींत सांगितलं तर अपमान वाटेल.

सुरुवात म्हणाल तर आता पावसाळ्यात भाकरीला हात घालू नका, चटणीवर काम करा. घरात जुनी चिंच असेलच, तिचं प्रमाण बसवून घ्या, टिकते किती ते बघा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की भाकरी, तोपर्यंत भालकीच्या ताई आणि त्यांच्यासोबत एक थापणारी अशा दोघींनी माहेरी जाऊन चार दिवस शिकून यावं. त्यांचं एसटीचं भाडं आणि चार दिवसांची मजुरी गटातून द्या, रजिस्टरला प्रशिक्षण खर्च म्हणून रीतसर लिहा, नाहीतर पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच की गटाच्या पैशावर माहेरपण करून आली.